जीसीव्हीचा आकडा, पण कोणत्या आधारावर?

प्रति,
सहवीजनिर्मिती करणारे साखर कारखाने आणि ब्रिकेट, पेलेट, बगॅस (उसाचा चोथा) किंवा कोळसा विकत घेऊन बॉयलर चालवणारे उद्योग यांची व्यवस्थापने व खरेदी विभाग, महाराष्ट्र

विषय : इंधनाचे पैसे उष्मांकावर देताना तो उष्मांक कसा मोजायचा, हे खरेदी करारात लिहिण्याबाबत

महोदय / महोदया,

इंधनाच्या निविदेत जीसीव्हीची, म्हणजे एकूण उष्मांकाची, एक ओळ ठरलेली असते : ‘जीसीव्ही किमान ३८०० किलोकॅलरी प्रति किलो, कमी भरल्यास त्या प्रमाणात कपात.’ पुढे काही नसते. हे ३८०० किती ओलाव्याला धरायचे, नमुना गाडीतून कोणी, केव्हा आणि कुठून काढायचा, दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत तर किती फरक चालवून घ्यायचा, यावर करार गप्प. मग पहिली कपात लागते, पुरवठादार दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल आणतो, त्यात चारशे किलोकॅलरी जास्त दिसतात, आणि सगळ्यांचे बोट एकाच वस्तूकडे वळते : तुमचे मशीन चुकीचे दाखवते. वर्षभरात नवीन कॅलरीमीटरचा प्रस्ताव मंजूर होतो. तंटा मात्र तसाच राहतो.

आम्ही इंधन प्रयोगशाळांत बॉम्ब कॅलरीमीटरवर, म्हणजे बंद पोलादी भांड्यात (‘बॉम्ब’मध्ये) इंधन जाळून उष्मांक मोजणाऱ्या यंत्रावर, काम करणारे रसायनतज्ज्ञ आहोत. आमचे म्हणणे एवढेच आहे, की गाडीपासून बिलापर्यंतच्या साखळीत सगळ्यात भरवशाची कडी बॉम्ब हीच असते. नमुना, ओलावा आणि आकड्याचा आधार या तीन ठिकाणी जे हरवते ते कितीही महाग यंत्र घेतले तरी परत येत नाही. म्हणून यंत्राच्या निविदेआधी इंधनाची निविदा दुरुस्त करावी.

सुरुवात आधारापासून करू, कारण सर्वांत जास्त पैसा तिथेच गळतो. प्रयोगशाळेत जो एक ग्रॅम जळतो तो गाडीतला माल नसतो. तो वाळवलेला, दळलेला, चाळलेला आणि खोलीच्या हवेशी जुळवून घेतलेला असतो. त्यावर निघालेला आकडा ‘एअर ड्राय’, म्हणजे एडीबी. गाडी काट्यावर उभी असताना मालात जेवढे पाणी असते तेवढे धरून काढलेला आकडा ‘अ‍ॅज रिसीव्हड’, म्हणजे एआरबी. एकाचा दुसरा करायला साधा गुणाकार लागतो : एडीबी आकड्याला (१०० वजा एकूण ओलावा) ने गुणायचे आणि (१०० वजा नमुन्यातला ओलावा) ने भागायचे. समजा कोळशाचा एडीबी जीसीव्ही ४३०० आहे, दळलेल्या नमुन्यात ६ टक्के ओलावा आहे आणि गाडीत एकूण १४ टक्के. मग ४३०० गुणिले ८६ भागिले ९४, म्हणजे ३९३४. तीच गाडी, तोच कोळसा, तोच बॉम्ब, आणि फरक ३६६ किलोकॅलरींचा, साडेआठ टक्के. विकणारा ४३०० दाखवतो, घेणारा ३९३४ दाखवतो, आणि दोघेही खरे बोलत असतात.

बरे, एडीबी म्हणजे तरी कुठली हवा? चंद्रपूरची मे महिन्यातली हवा आणि रत्नागिरीची जुलैतली हवा यांत नमुना एकसारखा राहत नाही. म्हणूनच कोळशाची प्रत ठरवताना ४० अंश सेल्सिअस आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता या ठरलेल्या हवेशी नमुना समतोलात आणतात. देशात १ जानेवारी २०१२ पासून कोळशाच्या प्रती जीसीव्हीवर ठरतात, त्याआधी त्या यूएचव्हीवर ठरत. यूएचव्ही (उपयुक्त उष्मांक) म्हणजे ८९०० वजा १३८ गुणिले राख आणि ओलावा यांची बेरीज. या जुन्या सूत्रावर वाढलेल्या काही खरेदी विभागांत अजूनही राख आणि ओलाव्यावरून कोळशाचा ‘जीसीव्ही’ काढून फायलीला लावतात. तो जीसीव्ही नव्हे.

बायोमासमध्ये ओलाव्याचा खेळ आणखी उघडा दिसतो. सुक्या बगॅसचा जीसीव्ही साधारण ४६०० धरा. पन्नास टक्के ओलाव्याला तो २३०० होतो, बावन्न टक्क्यांना २२०८. पण बॉयलरला जीसीव्ही मिळतच नाही. इंधनातले पाणी आणि हायड्रोजन जळून झालेले पाणी, दोन्ही वाफ होऊन चिमणीतून जातात आणि आपली उष्णता सोबत नेतात. बॉम्ब बंद भांडे असल्यामुळे त्यात ती वाफ पुन्हा पाणी होते आणि उष्णता परत देते. म्हणून बॉयलरचा हिशेब निव्वळ उष्मांकावर, म्हणजे एनसीव्हीवर करायचा : जीसीव्हीतून ५.८४ गुणिले (हायड्रोजनची टक्केवारी नऊ पट अधिक ओलाव्याची टक्केवारी) वजा करायचे. सुक्या बगॅसमध्ये हायड्रोजन ६ टक्के धरला तर पन्नास टक्के ओलाव्याला एनसीव्ही १८५० च्या आसपास येतो आणि बावन्नला १७५० च्या आसपास. मिलमधून ओलावा दोन टक्क्यांनी वाढून बाहेर आला तर प्रत्येक किलोमागे शंभर किलोकॅलरी, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त, गेल्या. हे ओव्हन आणि वजनकाट्यावर कळते, त्याला बॉम्ब लागत नाही.

आता नमुना. ब्रिकेटची (दाबून केलेल्या बायोमासच्या ठोकळ्यांची) गाडी आली की वरच्या थरातले पाच-सहा तुकडे गोणीत टाकायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे, ही सर्रास पद्धत आहे. वरचा थर वाटेत उन्हावाऱ्याने वाळलेला असतो, पावसाळ्यात भिजलेला. चुरा आणि माती हादऱ्यांनी खाली बसते. त्यातून शाबूत ब्रिकेट उचलायला हाताला बरे वाटते, चुरा कोणी उचलत नाही, आणि राख नेमकी चुऱ्यात असते. अशा नमुन्यावर दशांशापर्यंत अचूक जीसीव्ही काढणे म्हणजे भाताचे वरचे एक शीत दाबून तळाला लागलेय की नाही ते सांगणे. गाडी रिकामी होत असताना सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, फावड्यात येईल ते सगळे, चुऱ्यासकट, किमान पंधरा-वीस वेळा उचलावे. तो ढीग फरशीवर किंवा ताडपत्रीवर घ्यावा, मातीवर नको. ब्रिकेट फोडून, उलटसुलट करून, चौकोनात पसरून समोरासमोरचे दोन भाग ठेवावेत आणि दोन टाकून द्यावेत. हे दोन-तीन किलो उरेपर्यंत करावे. त्यातला एक भाग ओलाव्यासाठी लगेच हवाबंद डब्यात जावा. प्लास्टिकची पातळ पिशवी आणि तिला रबरबँड म्हणजे हवाबंद नव्हे. तिच्या आतल्या बाजूला घाम दिसला तर ते पाणी नमुन्यातलेच आहे आणि तेही वजनात धरायला हवे.

कोळशाला नमुना घेण्याचे भारतीय मानक आयएस ४३६ आहे, पृथक्करणाचे आणि उष्मांकाचे आयएस १३५०, भाग १ आणि २. घन बायोमासच्या उष्मांकासाठी आयएसओ १८१२५ आहे. कराराच्या कागदावर यांतला एक क्रमांक लिहायला शाई लागत नाही. तरीही ‘प्रचलित पद्धतीनुसार’ असेच छापले जाते. प्रचलित पद्धत कुणाकडली?

मानक चुकीचे निवडले तर राखेतच फसगत होते. कोळशाची राख ८१५ अंशांना करतात, बायोमासची ५५० ला. ब्रिकेटची राख मफल भट्टीत ८१५ ला केली तर तिच्यातले कार्बोनेट फुटतात, काही क्षार उडून जातात आणि राख प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. पुरवठादाराला ते आवडते. एकाच भट्टीत दोन्ही नमुने एकत्र कोंबणे हे वेळ वाचवण्याचे लक्षण आहे, आणि अशा राखेचा आकडा कपातीच्या हिशेबात वापरू नये.

राखेचा विषय निघालाच आहे तर गेटवरच करता येईल अशी एक परीक्षा सांगतो, कारण ती फुकट आहे. पाचट, बगॅस, तुरीच्या तुऱ्हाट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, सोयाबीनचे कुटार अशा वनस्पतीजन्य मालातून पाणी आणि राख काढून टाकली तर उरलेल्या भागाचा जीसीव्ही फार हलत नाही. तो बहुधा ४५०० ते ४८०० च्या दरम्यान राहतो. ४६०० धरा. ओलावा १० आणि राख ८ टक्के असेल तर उरले ८२, त्यावरून जीसीव्ही सुमारे ३७७०. बॉम्बचा आकडा यापासून दोनशेहून जास्त लांब गेला तर नमुना, वजन किंवा बॉम्ब यांपैकी काहीतरी तपासायला हवे. आणि एखाद्याने ओलावा ८, राख ६ आणि एआरबी जीसीव्ही ४५०० असा अहवाल आणला तर त्याचा अर्थ पाणी-राख वगळता ५२०० पेक्षा जास्त. कुटारात एवढी उष्णता नसते. अपवाद तेलाच्या मालाचा. सिंधुदुर्ग, चंदगड किंवा गोव्याकडून येणाऱ्या काजूच्या टरफलांत तेल असते, शेंगपेंड किंवा सरकीचा भाग मिसळला असेल तरीही आकडा वर जातो. पण मग ते पुरवठादाराने आधी सांगायला हवे. भाताच्या तुसाचे उलटे आहे : राख पंधरा-वीस टक्के आणि तिच्यात जवळजवळ सगळा सिलिका.

आता बॉम्बपर्यंत पोचलो. फ्रान्समध्ये बर्थेलोने १८८० च्या दशकात जे उपकरण वापरात आणले त्याचा गाभा आजही तोच आहे : जाड पोलादी भांड्यात दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये वजन केलेला पदार्थ पेटवायचा आणि भोवतीचे पाणी किती तापले ते मोजायचे. बाजारात मिळणाऱ्या नव्या यंत्रांत पाणी आपोआप भरते, वेळ स्वतः मोजली जाते, छापील अहवाल निघतो. तुमच्याकडे जुने, हाताने चालवायचे यंत्र असेल तर त्यातून निघणारा आकडा कमी प्रतीचा असायचे कारण नाही, फक्त खालच्या गोष्टी सांभाळायला लागतात.

पहिली, यंत्राचा ‘वॉटर इक्विव्हॅलंट’. पाणी, बकेट, बॉम्ब, स्टरर हे सगळे मिळून एक अंश तापायला किती कॅलरी लागतात, तो आकडा. तो प्रमाणित बेंझोइक आम्ल जाळून काढायचा, ज्याचा उष्मांक ग्रॅमला ६३१८ कॅलरी, म्हणजे २६.४३ किलोज्यूल असतो. समजा १.००२१ ग्रॅम वजनाची गोळी जळली, ८ सेंटिमीटर फ्यूज वायर जळली (निकेल मिश्रधातूची सेंटिमीटरला २.३ कॅलरी), आम्लाची दुरुस्ती ९ कॅलरी आली आणि तापमान २.६२० अंश वाढले. सगळ्या कॅलरींची बेरीज ६३५८.७, भागिले २.६२०, उत्तर २४२७ कॅलरी प्रति अंश. असे किमान पाच वेळा करायचे आणि पाचही आकड्यांचा सापेक्ष प्रमाण विचलनांक (आकडे सरासरीभोवती किती टक्के विखुरले आहेत ते) ०.२ टक्क्यांच्या आत असायला हवा. नसेल तर सरासरी काढून पुढे जायचे नाही, कारण शोधायचे. थर्मामीटर किंवा सेन्सर बदलला, बॉम्बचे झाकण बदलले, बकेट बदलली, तर पुन्हा पाच. बाकी वेळी आठवड्यातून एकदा एक गोळी पुरते.

इथे व्यवस्थापनाचा हात आखडतो, कारण प्रमाणपत्र असलेले बेंझोइक आम्ल महाग असते आणि कपाटात साधे बेंझोइक आम्ल पडलेले असते. साध्या बाटलीवर शुद्धता लिहिलेली असते, उष्मांक लिहिलेला नसतो. त्यावर बसवलेले यंत्र वर्षभर तेवढ्याच प्रमाणात चुकते, आणि एकसारखे चुकत असल्यामुळे दोन रीडिंग छान जुळतात, म्हणून कोणाला संशयही येत नाही. ‘संदर्भ कोळसा’ जाळून कॅलिब्रेशन करण्याचा शॉर्टकटही असाच. तो ताळा पाहायला चांगला, यंत्र बसवायला नाही.

दुसरी, पाणी. बकेटमधले दोन लिटर मोजपात्राने घेतात. ते वजनाने घ्यावे. २४ अंशाला मापलेले दोन लिटर आणि ३२ अंशाला मापलेले दोन लिटर यांच्या वजनात सुमारे साडेचार ग्रॅमांचा फरक पडतो, म्हणजे हिवाळ्यात बसवलेले यंत्र उन्हाळ्यात जवळजवळ ०.२ टक्के सरकते. घाईत दहा ग्रॅम पाणी कमी-जास्त पडले तर ४००० च्या आकड्यात सोळा-सतरा किलोकॅलरी चुकतात. दोन किलोचा, अर्ध्या ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा यासाठी पुरेसा आहे.

तिसरी, ऑक्सिजन. दाब २५ ते ३० वातावरण, दरवेळी तोच. शुद्धता ९९.५ टक्के किंवा जास्त आणि हवेपासून द्रवीकरणाने काढलेला. पाण्याच्या विद्युत्-विघटनाने तयार केलेल्या ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन राहिलेला असू शकतो, तो बॉम्बमध्ये जळतो आणि तुमच्या ब्रिकेटच्या खात्यात जमा होतो. सिलिंडर विकणाऱ्याला हे विचारायला हवे. वेल्डिंगच्या दुकानातून जो मिळेल तो आणणे बंद करावे. तीनशे-साडेतीनशे मिलिलिटरच्या बॉम्बमध्ये ३० वातावरण दाबाला एक ग्रॅम इंधनाला लागतो त्याच्या चौपटीहून जास्त ऑक्सिजन असतो. तेव्हा ‘अर्धवट जळाले, दाब आणखी वाढवू’ हा उपाय चुकीचा आणि धोक्याचाही आहे.

अर्धवट जळण्याची कारणे दुसरीच असतात, आणि बायोमासमध्ये ती रोजची आहेत. बगॅस फुगीर असतो, दळूनही क्रुसिबलमध्ये (नमुना ठेवायच्या वाटीत) भुरभुरीत राहतो. ऑक्सिजनचा झडप भसकन उघडला की भुकटी क्रुसिबलबाहेर उडते आणि बॉम्बच्या तळाशी पाण्यात न जळता पडून राहते. म्हणून नमुना एक मिलिमीटरखाली दळून प्रेसमध्ये गोळी पाडावी आणि ऑक्सिजन सावकाश, अर्धा-एक मिनिट घेऊन भरावा. गोळी फार घट्ट दाबली तरी आतून पेटत नाही, फार सैल ठेवली तर पेटताना तडकते. तुसाचा प्रश्न वेगळा. सिलिकाचा सांगाडा वितळून कार्बनला कोंडतो आणि क्रुसिबलमध्ये काळे दाणे राहतात. अशा वेळी नमुना कमी घ्यावा आणि वजन केलेले बेंझोइक आम्ल सोबत जाळून त्याच्या कॅलरी वजा कराव्यात. फार राखेच्या कोळशालाही हाच इलाज. काजूच्या टरफलासारखा तेलकट माल मात्र जोरात जळतो, तिथे अर्ध्या ग्रॅमपासून सुरुवात करावी. बॉम्ब उघडल्यावर झाकणाला काजळी, धुवणात काळे कण किंवा क्रुसिबलमध्ये न जळलेला ठिपका दिसला की ती चाचणी रद्द. तिला ‘थोडी दुरुस्ती’ लावून अहवालात घेणे हा गुन्हा नसला तरी खोटेपणा आहेच.

गोळीचे वजन करताना आणखी एक चूक होते. दळलेला बगॅस हवेतला ओलावा बघता बघता ओढतो किंवा सोडतो. ओलाव्याची बशी सकाळी ओव्हनमध्ये गेली आणि बॉम्बची गोळी संध्याकाळी पाडली, तर दोन्ही आकडे दोन वेगळ्या मालांचे झाले. एकाच बाटलीतून, एकाच वेळी, शेजारी-शेजारी वजन करायचे. तारखा वेगळ्या असलेला अहवाल आला तर परत पाठवावा.

दुरुस्त्यांबद्दल थोडेच. बॉम्बमध्ये राहिलेल्या हवेतल्या नायट्रोजनचे नायट्रिक आम्ल होते, गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल होते, आणि दोन्ही होताना उष्णता निघते जी बॉयलरमध्ये निघत नाही. बॉम्बमध्ये आधी एक मिलिलिटर शुद्ध पाणी घालायचे ते यासाठीच. मग धुवणाचे टायट्रेशन ०.०७०९ नॉर्मल सोडियम कार्बोनेटने केले तर मिलिलिटरला एक कॅलरी, इतका हिशेब सोपा होतो. गंधकासाठी एक ग्रॅम नमुन्यात दर एक टक्क्यामागे १३.७ कॅलरी वजा. ब्रिकेटमध्ये गंधक नगण्य असते, तिथे हे कोणी विसरले तर फार बिघडत नाही. पेटकोकमध्ये (तेलशुद्धीकरणातून उरणाऱ्या कोकमध्ये) सहा टक्के गंधक असेल तर ८२ किलोकॅलरी फुकट वाढून दिसतात. जो उद्योग पेटकोक घेतो त्याने अहवालात ही दुरुस्ती वेगळ्या रकान्यात मागावी.

यंत्र ज्या खोलीत आहे ती खोली पाहिली का? वजनकाट्याच्या वर पंखा, कॅलरीमीटरवर एसीचा झोत, दुसऱ्या बाजूला मफल भट्टी. जॅकेटचे, म्हणजे बकेटभोवतीच्या आवरणाचे, तापमान स्थिर नसले की थंड होण्याची दुरुस्तीच (बकेट आणि आवरण यांच्यात गेल्या-आलेल्या उष्णतेचा हिशेब) हलते. जुन्या स्थिर जॅकेटच्या यंत्रात पेटवण्याआधी पाच मिनिटे आणि पेटल्यानंतर तापमान स्थिरावेपर्यंत दर मिनिटाला नोंद घ्यायची असते. ती वाचवण्यासाठी ‘सर्वांत वरचा वजा सुरुवातीचा’ एवढेच लिहिले जाते. मग सकाळचे आकडे आणि दुपारचे आकडे वेगळे पडतात.

यावरून आम्ही खरे तर ज्यासाठी लिहायला बसलो तिथे येतो. हाताने चालवायच्या एका बॉम्बवर वजनापासून धुण्यापर्यंत एका चाचणीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागतात. आठ तासांच्या पाळीत दहा चाचण्या, म्हणजे दुबार धरून पाच नमुने. जॅकेटचे तापमान स्वतः सांभाळणारे यंत्र आणि दुसरा बॉम्ब असेल तर दुप्पट-अडीचपट. तुमच्या गेटवर दिवसाला तीस गाड्या येतात आणि तीस अहवाल संध्याकाळी टेबलवर हवे असतात. तेव्हा प्रयोगशाळेत काय होते ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो : दुसरी रीडिंग घेतली जात नाही, पहिलीला पाच-दहा किलोकॅलरी जोडून लिहिली जाते. वहीत सगळ्या जोड्या सुंदर जुळलेल्या दिसतात. खऱ्या कामात तशा जुळत नाहीत. एकाच नमुन्याच्या दोन चाचण्यांत १२० ज्यूल प्रति ग्रॅम, म्हणजे तीसेक किलोकॅलरींचा फरक मान्य आहे, आणि महिनाभराच्या वहीत काही जोड्या त्या मर्यादेजवळ जायलाच हव्यात. ज्या वहीत एकही जात नाही ती वही तपासावी. माणसाला दटावून उपयोग नाही, कामाचे गणित बदलावे लागेल : प्रत्येक गाडीचा ओलावा आणि राख काढा, आणि एका पुरवठादाराच्या दिवसभराच्या गाड्यांचा, गाडीच्या वजनाच्या प्रमाणात मिसळलेला, एकच नमुना बॉम्बला लावा. वरची ४६०० ची परीक्षा प्रत्येक गाडीला लागू करता येतेच.

सुरक्षेवर उपदेश करायचा नाही, पण ज्या गोष्टींचा खर्च तुमच्या सहीने होतो तेवढ्या सांगतो. ओ-रिंग आणि गॅस्केट हे उपभोग्य सुटे भाग आहेत, ते ‘फुटल्यावर मागवू’ या यादीत नकोत. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला, नळीला, बॉम्बच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लागता कामा नये. देखभाल विभागाचा माणूस सवयीने ऑइलकॅन घेऊन येतो, त्याला दारातच थांबवायला हवे. पाण्यात बुडवलेल्या बॉम्बमधून बुडबुडे आले तर तो पेटवायचा नाही. बॉम्बची दाबचाचणी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत करून घ्यावी आणि फायरिंगची मोजणी वहीत ठेवावी. पाचट आणि भाताचा पेंढा यांत क्लोरीन असते. रोज तेच जाळणाऱ्या बॉम्बच्या आतल्या पोलादाला बारीक खड्डे पडतात, तेव्हा प्रत्येक चाचणीनंतर लगेच धुणे, आणि खड्डे दिसू लागले की बॉम्ब बाद करणे. त्याला पॉलिश करून पुन्हा वापरू नये.

आता तंट्याकडे. दोन चांगल्या प्रयोगशाळांनी एकाच, नीट दुभागलेल्या नमुन्यावर काम केले तरी ३०० ज्यूल प्रति ग्रॅम, म्हणजे सुमारे ७० किलोकॅलरींचा फरक मानकाला मान्य आहे. कोळशाच्या जी-१ ते जी-१७ या प्रती तीनशे-तीनशे किलोकॅलरींच्या पायऱ्यांच्या आहेत. एका प्रयोगशाळेत ४०१५ आले तर माल जी-११, दुसरीत ३९९० आले तर जी-१२, आणि पंचवीस किलोकॅलरींचा हा फरक दोन्ही प्रयोगशाळांच्या मान्य मर्यादेच्या आत बसतो. फसवणूक कोणीच केलेली नाही, तरी एका बाजूचे लाखो रुपये गेले. कोळशाच्या पायऱ्या तुमच्या हातात नाहीत. पण ब्रिकेट आणि बगॅसचा करार तुम्ही स्वतः लिहिता, तिथे पायऱ्या कशाला घालता? ३८०० खाली दहा टक्के कपात आणि ३६०० खाली गाडी परत, अशा पायरीवर उभा असलेला पुरवठादार नमुना घेणाऱ्याला चहा पाजणारच. दर सरळ किलोकॅलरीला बांधा, पायरी ठेवू नका, म्हणजे दहा-वीस किलोकॅलरींसाठी कोणाला धडपड करावीशी वाटणार नाही.

आमची सूचना अशी, की पुढच्या निविदेत जीसीव्हीच्या ओळीऐवजी पुढील मजकूर घालावा. शब्द तुमच्या विधी विभागाने हवे तसे बदलावेत, आकडे आणि क्रम ठेवावा :

‘दर एआरबी आधारावरील एनसीव्हीनुसार, प्रति हजार किलोकॅलरी या एककात राहील. नमुना गाडी रिकामी होताना, दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींसमोर, चुऱ्यासकट घेतला जाईल व त्याचे तीन सीलबंद भाग केले जातील : एक खरेदीदाराचा, एक पुरवठादाराचा, एक राखीव. एकूण ओलावा नमुना घेतल्याच्या दिवशी काढला जाईल. राख ५५० अंशांना काढली जाईल. उष्मांक आयएसओ १८१२५ नुसार, दुबार चाचणीने काढला जाईल. अहवालावर दोन्ही रीडिंग, नमुन्यातील ओलावा, वॉटर इक्विव्हॅलंट आणि शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख असेल. दोन्ही पक्षांच्या आकड्यांत एकाच आधारावर ७० किलोकॅलरींपर्यंत फरक असल्यास सरासरी धरली जाईल. जास्त असल्यास राखीव भाग एनएबीएल-मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाईल आणि ज्याचा आकडा तिच्या आकड्यापासून लांब असेल तो चाचणीचा खर्च देईल.’

शेवटचे वाक्य विशेष उपयोगाचे आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंना खरा आकडा पाठवण्यात फायदा राहतो. एनएबीएलच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) मान्यतेबाबत एक लक्षात ठेवावे : मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, एकेका चाचणीला आणि पद्धतीला असते. कोळशाच्या उष्मांकाची मान्यता असलेली प्रयोगशाळा बायोमासचा अहवाल देत असेल तर त्या व्याप्तीत बायोमास आहे का ते आधी पाहावे.

यात तुम्हाला नव्याने विकत घ्यावे लागेल ते एवढे : प्रमाणित बेंझोइक आम्ल, दोन किलोचा काटा, हवाबंद डबे, गोळी पाडायचा प्रेस आणि बहुधा आणखी एक माणूस.

आपले,
इंधन प्रयोगशाळांत काम करणारे काही रसायनतज्ज्ञ

ता. क. : काही कारखान्यांनी आता चिक्की, गूळपावडर, शेंगदाणा लाडू अशी उत्पादने सुरू केली आहेत आणि लेबलावर छापायला ‘आपल्याच बॉम्बवर कॅलरी काढून द्या’ अशी मागणी प्रयोगशाळेकडे येते. कृपया ती छापू नये. बॉम्ब सगळे जाळतो, पोट जाळत नाही. प्रथिनातला नायट्रोजन शरीरातून युरिया होऊन बाहेर पडतो आणि काही ऊर्जा सोबत नेतो, तंतूंचा बराच भाग पचत नाही. म्हणून लेबलावरची ऊर्जा अ‍ॅटवॉटरच्या गुणकांनी काढतात : प्रथिनांना ग्रॅममागे ४, स्निग्ध पदार्थांना ९, कर्बोदकांना ४ किलोकॅलरी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम प्रथिने, ४९ ग्रॅम तेल आणि १६ ग्रॅम कर्बोदके धरली तर या हिशेबाने ६०५ येतात. बॉम्बमध्ये तेच दाणे ६६५ च्या पुढे जातील. त्याशिवाय ज्या क्रुसिबलमध्ये सकाळी पेटकोक जळला तिथे दुपारी चिक्की जाळायची कल्पना आम्हाला तरी पटत नाही.